सगळ्यांच्या आधी एक पेंढी

कुरुंदा
१५ ऑगस्ट

कोमल,

अक्षर बघून तुला कळलंच असंल, हे वैजनाथचं पत्र न्हाई. मी लिहून राहिले, तुझी सासू. सातवी पास हाय मी, विसरली असशील तर सांगते. दीड वर्ष झालं, तू फोन उचलत न्हाईस. मंग म्हणलं, कागदावरच बोलावं. हे पत्र महेबूबभाईच्या हाती देऊन राहिले. ते बाजारा-बाजाराला बैलांना नाल मारत हिंडतात, तुमच्या पुसेगावच्या बाजाराला बी येतात.

भांडायला लिहीत न्हाई. एक गोष्ट सांगायची हाय आन् ती दुसऱ्या कुणाला सांगण्याजोगी न्हाई.

मोतिया आठवती का तुला? लग्नात वैजनाथ जिच्यावर बसून तुमच्या दारात आला, ती पांढरी ठेंगणी घोडी. महेबूबभाईचीच. वेशीपासून दोन घंटे वरात नाचली, आन् तू नवरी असून मांडवातून निरोप धाडलास, आधी घोडीला पाणी पाजा, मंग नवरदेवाला उतरवा. आमची सगळी माणसं हसली. मी हसले न्हाई. मला वाटलं, ही आत्तापासूनच हुकूम सोडून राहिली.

ती मोतिया परवा आपल्या दारात उभी व्हती. मी वळखलंच न्हाई. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, मागची दोन हाडं वर आलेली, मानेवरचे केस झडलेले. आता नवरदेव सजवलेल्या जीपमधून येतात, म्हणून महेबूबभाईंनी तिला तीन वर्षांमागं विकली. घेणाऱ्यानं वीटभट्टीवर घातली. पाऊस लागला, भट्टी बंद पडली, तसं तिला रस्त्यावर सोडून दिलं. महेबूबभाई बाजाराहून येताना त्यांना ती नाल्याकाठी उभी दिसली. त्यांनी हाक मारली तर कान हलवला म्हणे. त्यांचं शिरड शहापूरचं घर म्हणजे एक खोली आन् समोर गल्ली. मला म्हणाले, "भाभी, गल्लीत बांधली तर लोकं माया करून भाकरीचे तुकडे टाकतील आन् खाऊ घालूनच मारतील हिला. तुमचा गोठा मोठा हाय." बोलता बोलता रडले. एवढा दाढीवाला माणूस.

आमचे हे, तुझे मामाजी, म्हणाले, नांगराला येत न्हाई, दूध देत न्हाई, घोडं घेऊन काय करायचं? मी म्हणलं, मी बघते. काहून म्हणलं ते मला बी ठाऊक न्हाई.

दुसरी गोष्ट. दिवाळी झाली की तुझे मामाजी आन् गावातली चार माणसं पुसेगावला येऊन बसायचं म्हणून राहिलीत. फारकतीचा कागद करायचा म्हणतात. वैजनाथसाठी कुणीतरी कळमनुरीकडचं स्थळ बी आणलं. कोमल, मला तो कागद नको हाय. मला तू परत पायजे. जे झालं ते झालं. बाळ गेलं त्याचं दुःख आमाला न्हाई का? तुझी तब्येत पहिल्यापासून नाजूक, त्यात कुणाचा काय दोष? एवढंच म्हणणं हाय.

पार्वतीबाई

*

कुरुंदा
२० ऑगस्ट

कोमल,

महेबूबभाई म्हणाले, तू पत्र घेतलंस, वाचलं न्हाईस, पण फेकलं बी न्हाईस. बरं झालं.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, विजयकुमार नाव हाय त्यांचं. मिसरूड फुटल्यासारखं पोरगं, पण बोलणं पक्कं. मी त्यांच्यासमोर पाटी भरून भिजवलेले हरभरे आणले, वर गुळाचा खडा. त्यांनी पाटी पायानं मागं सारली. मला रागच आला. म्हणाले, "मावशी, हिला मारायचंय का?"

मंग समजावून सांगितलं. ही कितीक महिने स्वतःच्याच अंगातलं मांस खाऊन जगली. आता एकदम दाणा पोटात पडला की रक्तातलं सगळं बिघडतं आन् काळीज बंद पडतं. उपाशी असताना मरत न्हाई ते जनावर पोटभर मिळाल्यावर मरतं. म्हणून दाणा न्हाई, गूळ न्हाई, भरडा न्हाई. फक्त वाळवलेला लसूणघास, पाव किलो, दर चार घंट्यांनी. तीन दिवस एवढंच. चौथ्या दिवसापासून दर खेपेला थोडा जास्त, आन् खेपा हळूहळू कमी. पाणी समोर कायम. चाटायला मिठाचा खडा. जंताचं औषध बी आत्ताच न्हाई, ते सोसायची ताकद तिच्यात न्हाई.

लसूणघास गावातल्या नेमसिंगच्या गोठ्यावरून आणते. मीच वाळवते, मीच तोलते. रात्रीची खेप वैजनाथ करतो. मी सांगितलं न्हाई, तोच उठतो.

पाव किलो म्हणजे किती असतं ठाऊक हाय का तुला? दोन मुठी. ती खाती आन् माझ्याकडं बघती. मला सोसत न्हाई. कोठीत हरभरा भरलेला हाय आन् मी तिला दोन मुठी टाकून पाठ फिरवते. असं कधी केलं न्हाई मी कुठल्या जनावराला.

एक गंमत सांगते. गंमत न्हाई, पण सांगते. पहिल्या दिवशी मी तिची पेंढी बैलांच्या दावणीतच टाकली. ती जवळ आली न्हाई. भिंतीला लागून उभी राहिली, तोंड दुसरीकडं करून, जसं काय तिला भूकच न्हाई. बैलांनी आपलं खाल्लं, तिचं बी खाल्लं, गाय येऊन उरलंसुरलं चाटून गेली. सगळ्यांचं झाल्यावर मंग ही आली आन् रिकामी दावण हुंगत राहिली. डॉक्टर म्हणाले, "भट्टीवर दहा जनावरांत शेवटी राहायची सवय लागली हिला. हिला वेगळं बांधा आन् सगळ्यांच्या आधी द्या. बैल वरडू द्या."

तेव्हापासून सगळ्यांच्या आधी तिची पेंढी. बैल वरडतात. तुझे मामाजी बी वरडतात.

त्या रिकाम्या दावणीपाशी ती उभी व्हती ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना झालं. काहून ते मी आता लिहीत न्हाई.

परवा पोळा हाय. मागच्या वेळच्या आधीच्या पोळ्याला तू झुली शिवल्या व्हत्यास, त्याच घालणार हाव.

पार्वतीबाई

*

कुरुंदा
२४ ऑगस्ट

कोमल,

घाईत लिहून राहिले. मोतिया पडली.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून आले, त्यांना ओवाळलं, निवद दाखवला. घंट्या-दीड घंट्यानं बघते तर ही घामानं भिजलेली, पोटाकडं मान वळवून बघून राहिली, बसती, उठती, लोळती. डॉक्टरला फोन केला. त्यांच्या घरी पाहुणे जेवायला बसलेले, तसेच आले. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, पायाचे खूर हात लावून बघितले, गरम व्हते. म्हणाले, "काय खाल्लं हिनं?"

शेजारच्या ग्यानबाची नात पुजा हाय ना, तिनं पुरणपोळी घातली. लेकरू हाय, तिला काय कळतं. पोळ्याच्या दिवशी दावणीचं एक बी जनावर निवदाबिगर ठेवत न्हाईत, हे तिनं मोठ्यांचं बघितलेलं. डॉक्टर तिला काही बोलले न्हाईत.

वैजनाथ आन् महेबूबभाई दोघं तिला धरून अंगणात फिरवत व्हते. महेबूबभाई तिच्या कानात काहीबाही बोलत व्हते, आपल्या लेकीशी बोलावं तसं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस काही सांगता येत न्हाई.

तू जनावरात वाढलेली. तिच्यासाठी देवाला हात जोड. माझ्यासाठी न्हाई म्हणत मी.

पार्वतीबाई

*

कुरुंदा
३० ऑगस्ट

कोमल,

तुझी चिठ्ठी मिळाली. वहीचं फाडलेलं पान, त्यावर दोन वळी. "मोतिया जगली का? पोळी पुजानं दिली न्हाई."

दीड वर्षात तुझं पहिलं अक्षर आलं आन् त्यात बी मला पकडलंस. मी ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली, मंग काढली आन् ब्लाऊजमध्ये ठेवली.

जगली. उभी हाय. परत पाव किलोपासून सुरू केलं.

पोळी मीच दिली. एक न्हाई, दोन. तुपात बुडवून. बैलांना दिली, गाईला दिली आन् ही वेगळी बांधलेली, बघून राहिली. मला वाटलं, वर्षाचा सण, आन् हिच्याच तोंडाला पुरण लागू नये? डॉक्टरचं पोरगं शिकलेलं हाय, पण मी चाळीस वर्षं जनावरं सांभाळली, असं मनात आलं. तिनं माझ्या हातातून खाल्ली, हात चाटला. मी केवढी खूश झाले म्हणून सांगू. मंग ती पडली तेव्हा डॉक्टरनं विचारलं, आन् माझ्या तोंडातून पुजाचं नाव गेलं. ते लेकरू माझ्याकडं बघतच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ग्यानबाच्या घरी जाऊन सांगून आले, पोरीनं काही केलं न्हाई, मी केलं. डॉक्टरला बी सांगितलं. ते म्हणाले, "मावशी, मला तेव्हाच कळलं होतं. पोरीच्या हाताला तूप नव्हतं."

तुला कसं कळलं ते मी वळखते. दवाखान्यातला डबा आठवला असंल तुला.

बाळ गेलं त्या दिवशी वसमतच्या दवाखान्यात तुझं रक्त सहा निघालं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घरात खायला नाही का? मी म्हणले, डोंगराएवढं हाय, हीच खात न्हाई, पहिल्यापासून नखरे हायेत. तू ऐकत व्हतीस, डोळे मिटून. आन् तिसऱ्या दिवशी मी डिंकाचे लाडू घेऊन आले, डबा गच्च भरून, सुकं खोबरं, खारीक, सगळं घालून. तुझ्या तोंडाशी लाडू धरला. खा म्हणलं, सगळे खा. तू भिंतीकडं तोंड केलंस. मी बाहेर येऊन सगळ्या बायांना सांगितलं, बघा, एवढं करून घेऊन आले तर ही बया तोंड फिरवती.

तेव्हा मला खरंच वाटलं व्हतं की मी तुझं लई केलं.

पार्वतीबाई

*

कुरुंदा
२१ सप्टेंबर

कोमल,

तुझं उत्तर न्हाई. चालतं. मी वाट बघते, पण बघत बसत न्हाई. कामं हायेत.

मोतिया भरून राहिली. अजून घोडी म्हणावी अशी न्हाई, पण हाडांवर काहीतरी चढलं. डॉक्टरनं दात घासून दिले, एका बाजूचे टोकदार झाले व्हते, गालाला लागायचे. जंताचं औषध दिलं, थोडंच. आता लसूणघासासंगं बारीक केलेला कडबा चालतो. दिवसातून चार खेपा. दाणा अजून न्हाई आन् मी मागत बी न्हाई.

वजनाचा काटा कुठून आणणार? डॉक्टर म्हणाले, पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती पट्टी गुंडाळून मापत जा, दर आठवड्याला. पट्टी शोधायला तुझी पेटी उघडली. रागावू नको. तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ उसवलेला व्हता, तो काढून घेतला. जिथवर माप येतं तिथं गाठ मारते. पहिली गाठ आन् आताची गाठ यात चार बोटं अंतर पडलं. वैजनाथ ती पट्टी हातात घेऊन बसला व्हता काल. मी बघितलं, त्यानं बघितलं की मी बघून राहिले, मंग त्यानं ठेवून दिली.

रात्री जेवायला ताट वाढलं तर तो म्हणाला, "आई, तू खाल्लंस का?" तीस वर्षांत हे पोरगं असं बोललं न्हाई. मी म्हणलं, तुमचं होऊ दे. तो म्हणाला, "त्या दिवशी मी बी ताटावर व्हतो." एवढंच. मंग खाली मान घालून जेवला. तुझे मामाजी काय ते समजले न्हाईत, त्यांनी चटणी मागितली. कुठला दिवस ते मला समजलं. तुला बी समजंल.

माझ्या सासूनं मला बावीस वर्षं शेवटी जेवू घातलं. टोपलं पुसून खायचे मी, तव्यावरची करपलेली खरवड पाण्यासंगं गिळायचे. मला चार लेकरं झाली, एक राहिलं. कुणी कधी विचारलं न्हाई की तीन काहून गेली. मी बी न्हाई विचारलं. सासू मेली तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी आली. पाळी म्हणजे आधी जेवायची न्हाई. दुसरीला शेवटी जेवू घालायची.

हे मी सुटका व्हावी म्हणून लिहीत न्हाई. मोतियाला रिकामी दावण हुंगताना बघितलं त्या दिवशी मला मी आठवले न्हाई. तू आठवलीस. मंग माझं आठवलं.

चूल पेटवली की तुझी आठवण येती, खोटं कशाला बोलू. भाकर थापताना तू खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणायचीस, मला त्याचा राग यायचा. आता घरात आवाज फक्त चुलीचा.

पार्वतीबाई

*

कुरुंदा
१२ ऑक्टोबर

कोमल,

बैठकीची तारीख ठरली. दिवाळी झाली की पंधरा दिवसांनी, पुसेगावला, तुमच्या वाड्याच्या वसरीत. मला बी नेणार हायेत. तू माहेरी गेल्यावर जी पहिली बैठक झाली, तीत मी जे बोलले तेच परत बोलायचं, असं तुझ्या मामाजींनी सांगून ठेवलं. पोरगीच खात न्हवती, नखरे करायची, आमच्याकडून काही कमी न्हवतं. त्यावर कागद होणार.

मी तिथं काय बोलणार हाय ते तुला आधी कळवते. तुला ऐनवेळी धक्का नको.

हळद शिजवायचे दिवस व्हते. शेतावर चौदा माणसं कामाला. तुला सातवा महिना. तू सकाळपासून भाकरी थापून राहिली व्हतीस, मोजायच्या पलीकडं. गडीमाणसं जेवायला बसली, आपली माणसं बसली, वैजनाथ बसला. मी वाढून राहिले. मागं वळून बघते तर तू चुलीपाशी बसून तव्यावरची गरम भाकर हातात घेतलेली, मीठ लावून, एक घास तोंडात. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "आमच्या घरात बाया आधी जेवत न्हाईत." तू घास गिळलास. मी तिथंच उभी राहिले. तू ती भाकर टोपल्यात परत ठेवलीस. कडेला तोडलेली भाकर. ती मी उचलली आन् गड्याच्या ताटात वाढली.

तुझ्या हातातली भाकर मी काढून घेतली, कोमल. सातव्या महिन्यात.

त्या दिवशी टोपल्यात शेवटी काय राहिलं ते मी झाकण उघडून बघितलं न्हाई. रोजच बघत न्हवते. बघितलं असतं तर मला कळलं असतं की काहीच राहत न्हाई. मला कळायचं न्हवतं. सोळाव्या दिवशी बाळ गेलं.

तू नखरे कधीच केले न्हाईस. आमच्या घरी कमी कशाचंच न्हवतं. तुझीच पाळी कधी येत न्हवती.

हे मी वसरीत सगळ्यांसमोर बोलणार. पहिल्या बैठकीत मी खोटं बोलले ते बी सांगणार. तुझे मामाजी मला घरात घेतील का न्हाई ठाऊक न्हाई. घेतील. भाकर कोण थापणार?

मोतिया काल पहिल्यांदा पळाली. फार न्हाई, गोठ्यापासून हिरीपर्यंत. शेपटी वर करून. पुजानं टाळ्या वाजवल्या. ती माझ्याशी परत बोलती आता.

पार्वतीबाई

*

कुरुंदा
९ नोव्हेंबर

कोमल,

हे पत्र मोतियासंगंच येऊन राहिलं.

काल वसरीत मी उभं राहूनच बोलले. तुझे मामाजी "गप बस, गप बस" म्हणत व्हते ते तू ऐकलंसच. माझं बोलून झालं. चहा आला, तो कुणी घेईना. तू दाराच्या चौकटीला टेकून उभी व्हतीस. तब्येत भरली तुझी. गालावर रंग आला. मी सारखी तुझ्या मनगटांकडं बघून राहिले, तुझ्या लक्षात आलं असंल.

तू फक्त म्हणालीस, "ऐकलं." मला वाटलं आता शिव्या देशील, रडशील, न्हाईतर पायाशी बॅग आणून ठेवशील. मी एवढं बोलले म्हणजे तू लगेच गाडीत बसशील असं माझ्या मनात व्हतं, खोटं कशाला बोलू. घरून निघताना तुझी खोली झाडून आले व्हते. मंग तू म्हणालीस, "मी येणार न्हाई आत्याबाई. कागद करायचा का न्हाई ते मी माझं सांगन, घाई करू नका. पण मोतिया मला द्या."

घरी आल्यावर मी लई रडले. महेबूबभाई इथंच व्हते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "भाभी, तिनं मागितलं तरी. न मागता बी राहिली असती." घोडी त्यांची. त्यांनीच म्हणलं, कोमलकडंच जाऊ द्या.

मोठी पेंढी एकदम टाकली की काय व्हतं ते मी बघितलंय. म्हणून तुला ये म्हणत न्हाई. कधी ये ते बी विचारत न्हाई. आपणहून येशील तर ये. इकडं तुझी खोली झाडलेलीच राहील, माझ्याच्यानं ते बंद होणार न्हाई.

आता मोतियाचं नीट वाच. डॉक्टरचा नंबर मागं लिहिला हाय.

सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आन् निजताना, अशा चार खेपा. प्रत्येक वेळी दीड किलो, निम्मा लसूणघास, निम्मा बारीक कडबा. हरभरा न्हाई, गूळ न्हाई, कुणाच्या सणाची पोळी न्हाई. तुमच्या गावात बी माया करणारे असतील, त्यांना दारातच सांग. मिठाचा खडा पोत्यात घातलाय. पाण्याची बादली रोज घास, शेवाळलेलं पाणी ती पीत न्हाई. खूर महेबूबभाई बाजाराला येतील तेव्हा बघतील.

पट्टी संगं देऊन राहिले. तुझ्याच लुगड्याची. गाठी मोजून बघ, अकरा हायेत. दर आठवड्याला माप घे. दोन महिन्यांनी डॉक्टर दाणा सुरू करायचं सांगतील, मूठभर, त्याच्या आधी न्हाई.

तुमच्या दावणीला म्हशी हायेत. त्यांच्याजवळ बांधू नको. वेगळी बांध आन् म्हशींच्या आधी हिला टाक. अजून बी कधीकधी भिंतीकडं तोंड करून उभी राहती, भूक न्हाई असं दाखवून. तिचं ऐकू नको. पेंढी तिच्यापुढं ठेव आन् तिथंच उभी राहा, दुसरं कुणी तोंड घालू नये म्हणून. मंग खाती.

टेम्पोत मोतियासंगं वैजनाथ येऊन राहिला. तिला उतरवून देईल. त्याला पाणी विचारायचं का दारातूनच वाटेला लावायचं, ते तुझं तू बघ. त्यानं ते कळमनुरीचं स्थळ नको म्हणून सांगितलं, हे तो तुला सांगणार न्हाई म्हणून मी लिहिते.

टेम्पोत चढताना तिनं माझ्या पदराला तोंड लावलं. पदरात काही न्हवतं. तरी बराच वेळ हुंगत राहिली. मी तिला धरून उभी राहिले. वैजनाथ म्हणाला, "आई, निघतो आता." एवढं लिहून होईस्तोवर त्याला थांबवलंय.

शेवटचं एक. हे डॉक्टरनं सांगितलेलं न्हाई, मी सांगते. सकाळी गोठ्यात जायच्या आधी तू जेव. थंड न्हाई, तव्यावरची गरम भाकर, मीठ लावून का असंना. कुणी बसलेलं असंल तर असू दे. मोतिया तेवढी दम धरती, तिला आता ठाऊक झालंय की तिचं तिला मिळतं. तुझं पोटभर खाऊन झालं, की मंग उठ आन् तिची पेंढी सोड.

पार्वतीबाई